सुभद्रेचं बीजगणित

मला रस्ते लक्षात राहत नाहीत. जन्म पुण्यातला, तरी तुळशीबागेत शिरले की कुठल्या बाजूने बाहेर पडेन हे आजही सांगता येत नाही. इंदापूरच्या हायस्कुलात नोकरी लागली, तेव्हा शाळेतून घरी जाताना कचेरीची भिंत संपली की डावीकडे वळायचं, एवढं मी पाठ करून ठेवलं होतं. एकदा त्या भिंतीला लागून मालाचे ट्रक उभे होते, भिंत दिसलीच नाही, आणि मी सरळ सोलापूरच्या रस्त्याला लागले. अशा बाईला हेडमास्तरांनी मुलांची मार्गदर्शक नेमलं.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. वरून पत्र आलं होतं की प्रत्येक हायस्कुलाने एक शिक्षक दहा दिवसांच्या वर्गासाठी पुण्याला पाठवावा. मुलांनी पुढे काय शिकावं, कोणता व्यवसाय धरावा, याचा सल्ला शास्त्रशुद्ध रीतीने कसा द्यायचा ते तिथे शिकवणार होते. पत्र वाचून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीतले सगळे पुरुष एकदम वह्या तपासायला लागले. हेडमास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचे बंधू पुण्यात असतात. राहण्याचा प्रश्न नाही." माझी निवड झाली ती एवढ्याच गुणावर.

दहा दिवस मी व्याख्यानं ऐकली. कल, अभिरुची, बुद्धिमापन, व्यक्तिमत्त्व असे शब्द वहीभर उतरवून घेतले. विलायतेला जाऊन आलेले एक गृहस्थ लाकडी ठोकळ्यांवरून मुलाचा कल कसा ओळखावा ते दाखवत. नवव्या दिवशी मला एक साधा प्रश्न पडला: कोणत्या कॉलेजला जायचं तर शाळेत कोणते विषय घ्यावे लागतात? चहाच्या वेळी विचारावं म्हणून मी उठले, पण त्या गृहस्थांभोवती गर्दी होती. इतक्या मोठ्या शास्त्रापुढे माझा प्रश्न मलाच किरकोळ वाटला. मी कप ठेवला आणि परत जागेवर बसले.

परत येताना माझ्याजवळ छापील फॉर्मचा गठ्ठा होता आणि प्रत्येक व्यवसायाची एक अशी पातळ पुस्तिका. शिक्षक, ओव्हरसियर, वकील, डॉक्टर, कंपाउंडर, शेतकी अधिकारी. काम काय, गुण कोणते लागतात, शिक्षण किती वर्षांचं, हे त्यात लिहिलेलं होतं.

आजच्या वाचकांना त्या वेळची रीत सांगायला हवी. तेव्हा शाळा अकरावीला संपे. परीक्षेचं नाव एस.एस.सी. झालं होतं, पण लोक तिला मॅट्रिकच म्हणत. आठवी संपली की विषय निवडायचे. बीजगणित-भूमिती घ्यायची की नुसत्या अंकगणितावर भागवायचं, पदार्थविज्ञान-रसायन घ्यायचं की शरीरशास्त्र आणि आरोग्य, की आणखी काही. चौदा वर्षांच्या पोराने फॉर्मवर एक खूण करायची आणि बापाने खाली सही करायची. त्या एका खुणेने पुढचे काही दरवाजे उघडे राहत आणि काही बंद होत. कोणते बंद होत, ते तीन वर्षांनी कॉलेजच्या खिडकीपाशी कळे.

बाजारच्या दिवशी शाळा सकाळची असे. त्या दुपारी मी भूगोलाच्या खोलीत, नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये फॉर्म घेऊन बसे. महिन्याभरात गावोगाव बातमी गेली की शाळेत नोकऱ्या देणारी बाई आली आहे. पहिले आले ते एक साठीचे गृहस्थ, आणि त्यांनी मुलगा नव्हे तर जावई आणला होता. जावई चांगला मिशा राखलेला, मुलांच्या बाकात मावेना.

"ह्येला कुठंतरी चिकटवा, बाई," सासरे म्हणाले. "घरीच असतोय."

मी म्हटलं, "मी नोकरी देत नाही हो. मी सल्ला देते."

"मग सल्ला द्या. पर जरा वजनदार द्या."

पुण्यात शिकवल्याप्रमाणे मी जावयाला विचारलं, "तुम्हाला मनापासून काय आवडतं?" त्याने बराच वेळ विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "जेवाण." सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता तरी पटलं ना, असा त्यांचा चेहरा होता.

मुलांचंही फारसं वेगळं नव्हतं. 'मोठेपणी काय व्हावेसे वाटते?' या रकान्यात निम्म्या वर्गाने मामलेदार लिहिलं, कारण मामलेदाराची कचेरी शाळेसमोरच होती. एकाने लिहिलं होतं, 'एस.टी.चा कंडक्टर. ते न जमल्यास मामलेदार.' हे वाचून मी हसायची. पण त्या रकान्यात काय लिहावं हे मला स्वतःलाही कधी कुणी विचारलं नव्हतं, हे लक्षात आलं की हसू थांबायचं. मी बी.ए. केलं ते भावाचं पुस्तक घरात होतं म्हणून, आणि शिक्षिका होण्यासाठी बी.टी. केलं ते लग्न ठरेना म्हणून.

त्या गठ्ठ्यात एका मुलीचा फॉर्म निघाला. रकान्यात स्वच्छ, टोकदार अक्षरांत एकच शब्द होता: डॉक्टर.

ती सुभद्रा. बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकची. वडिलांची कालव्याखालची जमीन. वांगी, मिरच्या, कोथिंबीर बारामतीच्या बाजारात जाई. गावची शाळा सातवीला संपली. बारामती जवळची, पण तिथे राहायला कुणी नाही. इंदापुरात आत्या होती, आत्याचे यजमान कचेरीत शिपाई होते, म्हणून ती आमच्या शाळेत आली. उंच, किडकिडीत, मुलींच्या रांगेत शेवटी बसणारी. हात कधी वर करायची नाही. गणिताचं उत्तर जमलं की पेन्सिल सुतारासारखी कानावर ठेवायची, तेवढ्यावरून कळायचं.

मी तिला बोलावलं. "डॉक्टर व्हायचं तुला?"

"व्हय, बाई."

"का गं?"

ती टेबलावरच्या पुस्तिकांकडे बघत राहिली. "वाचलं ह्याच्यात."

"आवडलं?"

"व्हय."

मी वहीत लिहिलं: 'अभिरुची निश्चित.'  गावातल्या बायका बाळंतपणाला पुरुष डॉक्टर नको म्हणून सुईणीच्या भरवशावर राहत. आणि माझ्यापुढे ही मुलगी उभी. विषय ठरवायला मला मिनिटभर लागलं नाही. डॉक्टर व्हायचं म्हणजे शरीर समजायला हवं. शरीर समजायचं म्हणजे शरीरशास्त्र. बीजगणिताच्या जागी अंकगणित पुरे.

गणिताला आमच्याकडे फडतरे सर होते. बारामतीकडचेच, कमी बोलणारे, कोटाच्या बाहीला कायम खडूची भुकटी. त्यांनी यादी पाहिली आणि माझ्याकडे आले.

"बाई, त्या सुभद्राला बीजगणित-भूमिती द्या. ती माझ्या आधी उत्तर काढते."

"अहो, डॉक्टरला काय करायचेत क्ष आणि य?"

"ते खरं. पण कॉलेजात काय मागतात, ते एकदा पत्र टाकून विचारलेलं बरं."

"सर," मी म्हणाले, "माझं ट्रेनिंग झालंय."

हे वाक्य मी म्हटलं. ते आठवलं की अजूनही माझे कान तापतात. फडतरे सरांनी दोन्ही हात झटकले, भुकटी उडाली. "मग प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि वर्गावर गेले.

सही करायला तिचे वडील आले. त्यांना सगळे तात्याच म्हणत, मीही म्हणू लागले. ठेंगणे, हसऱ्या डोळ्यांचे, आणि कोणी काही बोललं की आधी मान डोलावणारे. मी त्यांना पुष्कळ समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमी सांगाल त्ये खरं. आमाला भाजीतलं इचारा, सांगू." आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली.

तीन वर्षं गेली. सुभद्रा अकरावीला शाळेतल्या मुलींत पहिली आली. निकालाच्या दिवशी तात्या वांग्यांचं पोतं घेऊन माझ्या दारात हजर. माझ्याकडे राहणारी आई पुढे आठवडाभर शेजारीपाजारी वांगी वाटत होती. हेडमास्तरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि ती मी घेतली.

पुण्याच्या एका कॉलेजात विज्ञान शाखेला तिचा अर्ज द्यायला तात्या, सुभद्रा आणि मी असे तिघे गेलो. अर्जाच्या खिडकीपाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या कारकुनाने गुणपत्रिका उलटसुलट केली आणि विचारलं, "हिचं बीजगणित-भूमिती कुठंय?"

"तिचं शरीरशास्त्र आहे," मी म्हणाले. "तिला मेडिकलला जायचंय."

"मेडिकल फार पुढचं झालं, बाई. आधी विज्ञान शाखा. तिथे बीजगणित-भूमिती पाहिजे आणि पदार्थविज्ञान-रसायन पाहिजे. हिचं दोन्हीपैकी एकही नाही. आर्ट्सला जाईल फार तर." त्याने कागद परत सरकवला.

 मागची रांग पुढे ढकलत होती. तात्या हात जोडून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "नियम बदललेला दिसतोय."

"नियम जुनाच आहे," कारकून म्हणाला. "पुढचे या."

 सुभद्राने गुणपत्रिका घेतली, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवली.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते.  भिगवण आल्यावर पुढच्या बाकावरून तात्या मागे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमी वाईट वाटून घिऊ नका. त्या सायबाला उमगलं न्हाय तुमी काय म्हंता त्ये. शिकलेलं माणूस सांगतंय, ऐकाय नको?"

तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फडतरे सरांकडे गेले. 'मी सांगितलं होतं,' असं ते म्हणतील म्हणून मनाची तयारी करून गेले होते. त्यांनी फक्त विचारलं, "राहिलेल्या विषयांसाठी पुढच्या मार्चला बाहेरून बसता येतं ना?"

"येतं. या वेळी मी पत्र पाठवून विचारलंय." ते पत्र खरं तर मी त्याच सकाळी पेटीत टाकलं होतं.

"तीन वर्षांचं आठ-नऊ महिन्यांत. गणिताची काळजी नाही. पदार्थविज्ञान माझंही कच्चं आहे. बघू."

शाळेआधी सकाळी तास ठरला. आत्याबाईंनी अट घातली की पोरगी एकटी मास्तरांपाशी बसणार नाही, बाईंनी तिथं असलं पाहिजे. त्यामुळे मी रोज मागच्या बाकावर बसू लागले. काही न करता बसायचं कसं, म्हणून मीही वही घेतली. क्ष आणि य ही भानगड मला तिशी उलटल्यावर कळली. सुभद्राला ती शिकावी लागत नव्हतीच, तिला ती जणू आठवत होती. सर फळ्यावर अर्धं लिहीत तोवर तिची पेन्सिल कानावर गेलेली असे. रसायनाचं मात्र जड गेलं. प्रयोगाचं सामान कपाटभरच होतं. पुस्तकातलं चित्र बघून वायूचा वास कसा असतो ते पाठ करायचं, असा तो अभ्यास होता.

श्रावणात तात्या आले, ते जरा अवघडूनच. बारामतीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तलाठी, घरची बागायत, मागणी काही नाही. मुलाकडच्यांना दिवाळीनंतर लगीन हवं होतं.

"बाई, एक इचारू का? ह्ये बी तुमच्याच खात्यात येतं का?"

 माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, आणि पुस्तिकांत तलाठ्याची बायको हा व्यवसाय नव्हता. मी म्हणाले, "तिला काय वाटतं?"

"ती म्हंती, बाईंना इचारा."

"मार्चपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"बास. मग न्हाय म्हणून सांगतो त्यास्नी. तुमी सांगाल त्ये खरं." आणि ते मोकळे होऊन निघून गेले.

त्यानंतर मला झोप लागेना. माझ्या शब्दावर त्या माणसाने मुलीची तीन वर्षं घालवली होती, आता स्थळ घालवलं. आणि अजूनही त्याची समजूत होती की चूक पुण्यातल्या कारकुनाची आहे. आईला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मग इथे मला काय सांगतेस? त्यांना जाऊन सांग."

दिवाळीच्या सुटीत मी गेले. इंदापूरहून बारामती, तिथून नीरेकडे जाणारी गाडी. कोऱ्हाळ्याला उतरले आणि अर्थातच उलट दिशेला चालत सुटले. कालव्यावर धुणं धुणाऱ्या एका बाईने मला परत फिरवलं. तात्या वाफ्यात होते. सुभद्राची आई बांधावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, सुटीला आलेली सुभद्रा तिच्याशेजारी. मला पाहून एकच धावपळ उडाली. घोंगडी अंथरली, पाणी आलं, गूळ आला. मी पाण्याला हात लावला नाही. आधी बोलायचं असं ठरवूनच आले होते.

"तात्या, पुण्याच्या त्या माणसाची चूक नव्हती. नियम बदलला नव्हता. कोणते विषय लागतात ते मला ठाऊकच नव्हतं. मी कुणाला विचारलं नाही. फडतरे सरांनी सांगितलं होतं, तेही ऐकलं नाही. चूक माझी आहे, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले."

तात्या मान डोलावत होते. माझं बोलणं संपलं तरी डोलावत होते. शेवटी म्हणाले, "आसंल. मानूस म्हनल्यावर…"  ते विळा उचलून परत वाफ्यात गेले. तिथे काही कापायचं नव्हतं. नुसते वाकून उभे राहिले.

सुभद्राच्या आईचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. सगळे त्यांना वैनी म्हणत. हातातली जुडी पुरी बांधून त्यांनी विचारलं, "मंजी चूक बाईंची?"

"हो, वैनी."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला ठावं व्हतं का गं?"

सुभद्रा खाली बघून म्हणाली, "व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुला माहीत होतं? केव्हापासून?"

"नववीत. फडतरे सर बोलले व्हते येकदा. म्हणले, ह्यानं सायन्सला जाता यायचं न्हाय, बाईंना सांग."

"मग का नाही सांगितलंस? तेव्हा विषय बदलता आला असता, सुभद्रा!"

"तुमी सांगितल्यालं व्हतं," ती म्हणाली. "तुमाला वाईट वाटलं आसतं."

 एवढी तीन वर्षं ती हे मनात ठेवून माझ्या वर्गात बसत होती. मी विचारलं, "आणि तुझं डॉक्टर व्हायचं?"

तिने कोथिंबिरीची एक काडी बोटाला गुंडाळली, सोडली. "मला कुठं डॉक्टर व्हायाचं व्हतं, बाई."

"अगं, तू लिहिलं होतंस!"

"त्या पुस्तकांत शिकायाची वर्सं दिल्याली व्हती. मास्तरणीला कमी व्हती. नर्सला कमी. डॉक्टरला समद्यांत जास्त." तिने दुसरी काडी उचलली. "जितकी जास्त वर्सं, तितकी शाळा सुटायची न्हाय, म्हणून लिवलं."

 वैनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मंजी बाई चुकल्या म्हणून ह्ये वरीस वाढलं की." त्यांनी पुढची जुडी घेतली. मी हसावं की रडावं, हे मला समजेना. मी पाणी प्यायले.

जाताना तात्या रस्त्यापर्यंत पोचवायला आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "बाई, खरं बोलायाला येवढ्या लांब आला. पर येक सांगू? त्ये ऐकलं नसतं तर बरं झालं आसतं. आता म्या कुणाला इचारायचं?"

गाडी आली, आणि मी चढले.

मार्चला ती बसली. बीजगणित-भूमितीत तिला इतके गुण पडले की फडतरे सर दोन दिवस वर्गात हसतमुख होते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. रसायनात ती काठावर निघाली. पण निघाली. त्याच खिडकीपाशी त्याच कारकुनाने अर्ज घेतला. त्याला आम्ही आठवत नव्हतो. मला तो जन्मभर आठवतो.

मुलींच्या वसतिगृहातून तिची पत्रं येत. सुरुवातीला अगदी कोरडी: तब्येत बरी आहे, अभ्यास चालू आहे. मग इंटरच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या, वर्षाला एक मोठं पत्र आलं. बेडूक कापला, हृदय अजून हलत होतं, ती तासभर बघत बसली होती, शेवटी तिलाच प्रयोगशाळेतून बाहेर काढावं लागलं. चार पानं नुसती त्या हृदयावर. पुढच्या पत्रातही तेच, आणि त्याच्या पुढच्या. मी ती पत्रं वाचून फडतरे सरांना देत असे. ते वाचून, घडी घालून परत देत.

इंटरचा निकाल लागून बरेच दिवस झाले तरी पत्र नाही. मग आलं ते हे: 'बाई, मेडिकलला मार्क कमी पडले. रसायनात गेले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी कळवले नाही. आता खरंच व्हावंसं वाटत होतं. गणितही ठेवलं होतं, ते घेऊन बी.एस्सी. करते. अजून दोन वर्षं आहेत.'

हे पत्र माझ्यापाशी आहे. मी त्याचा हिशोब कितीतरी प्रकारे मांडून पाहिला. मी आठवीतच बरोबर विषय दिले असते, तर तीन वर्षं रसायन शिकून तिला ते मार्क पडले असते का? बहुधा पडले असते. पण मग ते जास्तीचं वर्ष मिळालं नसतं. त्या वर्षात घरच्यांना सवय झाली, स्थळ परत गेलं, ती पुण्याला जाऊ शकली. आणि मुळात तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. आणि नंतर व्हायचं होतं. क्ष आणि य मी शिकले, पण हे समीकरण मला सोडवता आलेलं नाही. पुढे तिने पुण्यातच एका सरकारी कचेरीत आकडेमोडीच्या कामावर नोकरी धरली, लग्न उशिरा, आपल्या पसंतीने केलं. बरी आहे. भेटते तेव्हा हसते. त्या पत्राबद्दल आम्ही बोलत नाही.

ते पत्र आलं त्याच सुमारास, शाळेचं नवं वर्ष सुरू झाल्यावर, बाजारच्या दिवशी भूगोलाच्या खोलीत मी बसले होते. फॉर्मचे गठ्ठे नवे होते, पुस्तिका त्याच, फाटलेल्या. दारात वैनी उभ्या. तात्यांशिवाय आल्या होत्या, आणि सोबत एक मुलगी. सुभद्राची धाकटी बहीण, गंगू. गोल चेहरा, हातात फॉर्म. ती आता आत्याकडे राहत होती आणि आमच्या आठवीतून वर गेली होती.

मी दोघींना बसवलं. सुभद्राचं सांगायला सुरुवात केली, मला फार वाईट वाटतं म्हणाले. वैनींनी ते हाताने बाजूला सारलं. त्यांचं काम वेगळं होतं. त्या बाकाच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, पदर दोन्ही हातांत धरून. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकल्या.

"बाई, हिच्यासाठी आलेय. आतापास्नं स्थळं याया लागल्यात. ह्यांस्नी काय, कुणी बी काय बी सांगितलं की मान हलवत्यात." त्यांनी गंगूला जवळ ओढलं. "हिला बी येक वरीस जादा लागंल, आसं कायतरी सांगा."

गंगू माझ्याकडे टक लावून बघत होती. मी फॉर्म पुढे ओढला, टाक उचलला आणि तसाच धरून राहिले. मुलीला विचारावं तर ती काय खरं सांगेल? आईचं ऐकावं तर मी कोण होते मुद्दाम चुकवणारी? पहिली चूक निदान अज्ञानाने तरी झाली होती. शेवटी मी टाक खाली ठेवला, उठून दारापर्यंत गेले आणि शेजारच्या वर्गाकडे तोंड करून हाक मारली, "फडतरे सर, जरा इकडे येता का? विषयांचं विचारायचं होतं."

माझ्या मागे वैनी घाईघाईने उठल्या. त्यांच्या आवाजात खरोखरची काळजी होती.

"मंजी ह्या येळेला बरुबर सांगनार व्हय, बाई?"